सशाच्या मानेतला फुगा : अ‍ॅन्युरिझमवरचे नवे उपचार प्राण्यांवर कसे तपासतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमवर नवा उपचार, सशांवरची चाचणी यशस्वी’ अशी बातमी कुठे आली की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. ज्यांच्या घरात कुणाला हा आजार आहे ते विचारतात, ‘आपल्याकडे कधी मिळेल?’ आणि प्राण्यांवर जीव असणारे विचारतात, ‘तुम्हा लोकांना काही वाटत कसं नाही?’ मी पशुवैद्य आहे. काही वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात सशांना आणि डुकरांना भूल देण्याचं काम केलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे नेमकं काय?

रक्तवाहिनीच्या भिंतीचा एखादा भाग कमकुवत होऊन बाहेर फुगतो, तो अ‍ॅन्युरिझम. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘धमनीविस्फार’, पण दवाखान्यात तो कुणी वापरत नाही. नातेवाईक ‘फुगा’ म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. मेंदूतले फुगे बहुतेक करून मेंदूच्या तळाशी, जिथे धमन्यांना फाटे फुटतात तिथे येतात. साधारण तीन टक्के प्रौढांमध्ये असा फुगा असतो. बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही आणि असल्याचं कळतही नाही. फुटला मात्र तर काही क्षणांत भयानक डोकेदुखी सुरू होते, आणि तिथून पुढचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

सशांना हा आजार होतो का?

नाही. हे उत्तर लक्षात ठेवा, कारण खालची निम्मी उत्तरं यातूनच निघतात. ससा बिडी ओढत नाही, पन्नाशीला पोचत नाही, त्याला वर्षानुवर्षं रक्तदाबाचा त्रास नसतो. माणसात हा फुगा बायकांमध्ये जास्त दिसतो, काही घराण्यांत जास्त दिसतो, आणि तयार व्हायला बराच काळ घेतो. प्रयोगशाळेतला ससा तरुण आणि धडधाकट असतो. त्याच्यात फुगा ‘होत’ नाही, तो करावा लागतो.

मग तो कसा करतात?

सगळ्यात रुळलेली पद्धत इलास्टेजची. तिला आजचं रूप १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आलं. न्यूझीलंड व्हाइट जातीचा, तीन-चार किलोचा ससा घेतात. भूल देऊन मानेत छोटा छेद घेतात आणि उजवी कॅरोटिड धमनी मोकळी करतात. तिच्यातून एक बारीक नळी खाली सरकवतात आणि धमनी जिथे मोठ्या वाहिनीतून निघते त्या तोंडाशी इवलासा रबरी फुगा फुगवून रक्त अडवतात. वर उरलेल्या बंद तुकड्यात इलास्टेज नावाचं एन्झाइम भरतात. ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. सुमारे वीस मिनिटांत ते भिंतीतले लवचीक तंतू खाऊन टाकतं. मग एन्झाइम काढून घेतात, रबरी फुगा काढतात, धमनीचं वरचं टोक बांधतात, जखम शिवतात.

आता त्या धमनीचा खालचा बुडखा उरतो. त्याची भिंत कमकुवत झालेली असते आणि रक्त त्यात थेट आदळत असतं. तीन आठवड्यांत तो फुगून काही मिलिमीटरचा, खरीखुरी मान (म्हणजे धमनीला जोडणारं तोंड) असलेला फुगा होतो. अँजिओग्राफीत बघितलं तर नवशिक्या डॉक्टरला तो माणसाचाच वाटेल.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक जागा अशी आहे की तिथे हात थरथरतो. काही सशांमध्ये त्या धमनीतून एक बारीक फांदी श्वासनलिकेकडे जाते. ती नजरेतून सुटली आणि इलास्टेज तिच्यात गेलं, तर श्वासनलिकेचं अस्तर सडतं, रक्तस्राव होतो आणि ससा हाताशी राहत नाही. म्हणून एन्झाइम भरण्याआधी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून ती फांदी शोधतात. सापडली तर त्या सशात एन्झाइम भरत नाहीत.

ससाच का? उंदीर स्वस्त नाही का?

उंदराच्या धमनीत माणसाचा स्टेंट जाणार कसा? सशाच्या त्या धमन्यांची जाडी माणसाच्या मेंदूतल्या मोठ्या धमन्यांच्या आसपास, तीन-चार मिलिमीटरची असते, त्यामुळे माणसाचं उपकरण आहे त्या मापात वापरता येतं. सशाचं रक्त गोठण्याची तऱ्हाही आपल्याशी बऱ्यापैकी जुळते. आणि हा फुगा उपचार न करता ठेवला तर महिनोन्महिने उघडा राहतो. तो आपणहून बुजला असता तर ‘उपचाराने बुजला’ हे म्हणता कसं आलं असतं?

डुकराचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. डुकरात फुगा करायचा म्हणजे मानेतल्या शिरेचा तुकडा काढून पिशवीसारखा धमनीच्या बाजूला शिवायचा. कुत्र्यांमध्ये ही युक्ती १९५४ पासून माहीत आहे. पण डुकराची जखम इतकी झपाट्याने भरते की ती पिशवी काही आठवड्यांत स्वतःच बंद व्हायला लागते. नव्या डॉक्टरांचा हात बसवायला डुक्कर उत्तम. पण ‘उपचाराने फुगा बरा झाला’ हे त्याच्या तोंडून ऐकलं तर मी दोनदा विचार करतो.

एखादं खरं उदाहरण सांगा. सशापासून माणसापर्यंत काय पोचलं?

फ्लो डायव्हर्टर. ही धातूच्या बारीक तारांची विणलेली नळी असते, साध्या स्टेंटपेक्षा पुष्कळ दाट विणीची. ती फुग्याच्या आत जात नाही. मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. रक्त नळीतून सरळ पुढे जातं, फुग्यात शिरणारा जोर ओसरतो, आतलं रक्त साकळतं आणि पुढच्या महिन्यांत नळीवर आतून नवं अस्तर चढून फुग्याचं तोंड बुजतं. ओढ्याचं पाणी शेतात घुसत असेल तर शेत भरून काढण्याऐवजी काठावर दाट कूड घालावं, तसं.

यातलं पाइपलाइन नावाचं उपकरण सशांवर तपासल्याचं संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डेव्हिड कॅल्म्स त्याचे प्रमुख लेखक. ससे होते १७. काहींना एक महिना, काहींना तीन, काहींना सहा महिने ठेवलं. ९ सशांत फुगा पूर्ण बुजला, ६ सशांत जवळजवळ बुजला, २ सशांत नीट बुजला नाही.

मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्यांनी त्याच सशांच्या पोटातल्या महाधमनीतही एक-एक उपकरण बसवलं. तिथे फुगा नव्हताच. बसवलं अशासाठी, की महाधमनीतून पाठीकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांच्या तोंडावर ही दाट वीण आली तर त्या बंद पडतात का, ते बघायचं होतं. मेंदूत अशी फांदी बंद पडली तर माणसाचा हात, पाय, वाचा जाऊ शकते. सशांतल्या फांद्या उघड्या राहिल्या. फुगा बुजतो का, यापेक्षा हा प्रश्न जास्त शहाणा होता असं माझं मत आहे. पुढे १०८ रुग्णांवरच्या अभ्यासानंतर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत पाइपलाइनला मंजुरी मिळाली.

उपकरण बसवल्यावर सशात नेमकं काय तपासतात?

ठरलेल्या दिवशी पुन्हा भूल, पुन्हा अँजिओग्राफी. फुग्यात डाय जातो का, मूळ धमनी अरुंद झाली का. मग भुलेतच सशाला शांतपणे संपवतात आणि तो भाग काढून घेतात. धातूच्या तारा आत असल्यामुळे नेहमीसारखे मेणात बसवून काप घेता येत नाहीत, सुरीची धारच जाते. मग एक तर टणक राळेत बसवून करवतीने पातळ चकत्या काढतात, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तार वेचून काढतात. एका सशामागे हे काम दिवसचे दिवस चालतं. पातळ चकतीवर दिसतं ते अँजिओग्राफीत कधीच दिसत नाही : तोंडावर खरं अस्तर आलंय की नुसती गुठळी अडकून बसलीये. पडद्यावर दोन्ही सारखंच ‘बंद’ दिसतं. गुठळी मात्र उद्या विरघळू शकते.

प्राण्यांवर यशस्वी झालेला उपचार माणसात फसतो, असं खरंच होतं?

होतं. सगळ्यात बोलकी गोष्ट मॅट्रिक्स कॉइलची आहे.

आधी साधी कॉइल समजून घ्या. प्लॅटिनमची केसासारखी तार जांघेतून नेऊन फुग्यात गुंडाळून भरायची, म्हणजे आत रक्त साकळतं. अडचण एवढीच, की काही महिन्यांनी काहींचा फुगा पुन्हा उघडतो. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, तारेवर शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा लेप द्यावा. ऑपरेशनचे विरघळणारे टाके असतात त्याच जातीचं ते प्लास्टिक. त्याने शरीर चिडेल, तंतू लवकर तयार होतील, फुगा पक्का बुजेल. डुकरांत अगदी तसंच झालं. दोन आठवड्यांत लेपवाल्या कॉइलभोवती साध्या कॉइलपेक्षा दाट तंतू दिसले. उपकरण बाजारात आलं, जगभर वापरलं गेलं. मग ६२६ रुग्णांत साध्या कॉइलशी रीतसर तुलना झाली, तेव्हा फुगा पुन्हा उघडण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

डुक्कर खोटं बोललं का? नाही. त्याला विचारलं होतं, ‘लेपाने तंतू लवकर येतात का?’ त्याने उत्तर दिलं, ‘हो, माझ्यात येतात.’ पण त्याच्यात तंतू येतातच, लेप असो वा नसो. साठीच्या बाईच्या कडक, रोगट धमनीत काय होईल, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. प्राणी उपकरणाबद्दल सांगतो. ते वळणावरून जातं का, उघडतं का, सरकतं का, गुठळ्या करतं का, हे सगळं तो चोख सांगतो. रोगाबद्दल तो फार थोडं सांगतो, कारण तो रोग त्याला झालेलाच नसतो.

सशात दिसलं नाही आणि माणसात दिसलं, असं काही?

फ्लो डायव्हर्टरच्याच बाबतीत झालं. वापर वाढला तसं काही रुग्णांत उपकरण बसवल्यानंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फुगा फुटल्याचं आढळलं. काहींच्या मेंदूत वेगळ्याच जागी रक्तस्राव झाला. प्रमाण कमी आहे, पण परिणाम गंभीर. सशाचा फुगा मानेत असतो, भोवती स्नायू आणि चरबीचा आधार असतो. माणसाचा फुगा कवटीत, पाण्यात लोंबकळल्यासारखा. आणि इलास्टेजने केलेला फुगा सहसा फुटतच नाही. जो फुटत नाही, त्याच्याकडून फुटण्याचा धोका कळणार कसा?

मग प्राण्यांवरच्या चाचण्यांमधून कधी काही थोर निघालं की नाही?

कॉइल स्वतःच! आणि तेही अपघाताने. इटलीचे ग्विडो ग्युलिएल्मी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सशांमध्ये केलेल्या फुग्यांत स्टीलची तार घालून वीज सोडत होते. विजेने रक्त गोठवावं असा बेत. एकदा विजेने तारच झिजली आणि टोक तुटून आत राहिलं. दुसऱ्या कुणी ‘प्रयोग बिघडला’ असं वहीत लिहून पान उलटलं असतं. ग्युलिएल्मींच्या लक्षात आलं, की तार हवी तिथे नेऊन, बसली आहे याची खात्री करून, मग विजेने सोडवता येईल. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी मऊ प्लॅटिनमची कॉइल केली, ती डुकरांत तपासली, आणि १९९० मध्ये पहिल्या रुग्णात वापरली. अमेरिकेत मंजुरी १९९५ ला मिळाली. कवटी उघडून क्लिप लावणं आणि कॉइल भरणं यांची तुलना करणारा २१४३ रुग्णांचा मोठा अभ्यास २००२ साली आला. वर्षभरानंतर परावलंबी झालेले किंवा दगावलेले रुग्ण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते, कॉइलच्या गटात २३.७ टक्के. हे आकडे फुगा फुटलेल्या आणि दोन्ही उपचार शक्य असलेल्या रुग्णांचे आहेत, सरसकट सगळ्यांना लावू नका.

गोळी घेऊन फुगा बरा होईल, असं औषध प्राण्यांवर तपासलंय का?

खूप वेळा, आणि निराशाही तेवढीच. पोटातल्या महाधमनीचा फुगा घ्या. डॉक्सिसायक्लिन हे आपल्या ओळखीचं अँटिबायोटिक उंदरांत फुगा वाढू देत नव्हतं. माणसांत दोन वर्षं देऊन बघितलं. २०२० मध्ये निकाल आला : वाढीत फरक नाही. उंदराला औषध बहुतेक वेळा फुगा करतानाच सुरू केलेलं असतं. माणूस दवाखान्यात येतो तो फुगा झाल्यावर.

जाता जाता एक गंमत. प्राण्यांत असे फुगे होऊ शकतात हे कळलं ते वाटाण्याच्या भावकीतून. १९५२ साली अमेरिकेत इग्नासियो पोन्सेटी यांनी उंदरांना गोड वाटाण्याच्या फुलझाडाचं बी खाऊ घातलं, तर त्यांचे कणे वाकले आणि महाधमन्या फाटल्या. हेच ते पोन्सेटी, ज्यांच्या प्लास्टरच्या पद्धतीने आज आपल्याकडे बाळांचे वाकडे पाय सरळ करतात. त्या बियांतलं द्रव्य वापरून जपानच्या हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास उंदरांच्या मेंदूत फुगे करून दाखवले. आपल्याकडची लाखेची डाळ त्याच कुळातली. तिच्यातलं विष मात्र वेगळं, ते पायांची ताकद घालवतं. तेव्हा ‘लाख खाल्ल्याने अ‍ॅन्युरिझम होतो’ असा मेसेज पुढे पाठवू नका.

भारतात असे प्रयोग कुणालाही करता येतात का?

नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे. वर्षानुवर्षं तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. संस्थेची तिथे नोंदणी लागते आणि प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो. त्या समितीत पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक सामान्य माणूसही असतो. अनुभव सांगतो : सगळ्यात अवघड प्रश्न तोच विचारतो. ‘बारा ससे का? आठ का नाहीत?’ याचं उत्तर देताना भल्या भल्या प्राध्यापकांना घाम फुटलेला पाहिलाय.

आपल्याकडे असं उपकरण कुणी तयार केलंय?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने निटिनॉल धातूचा फ्लो डायव्हर्टर तयार केला आणि २०२० मध्ये त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीला देण्याचा करार केला. निटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू आहे. दाबून नळीत घातला तरी बाहेर आल्यावर पुन्हा आपल्या आकारात येतो. याच संस्थेने पूर्वी हृदयाची कृत्रिम झडप केली होती. तिची आधीची मॉडेलं नापास होऊन चौथं माणसापर्यंत पोचलं. मेंढ्यांत तपासून मग १९९० च्या अखेरीस ते पहिल्या रुग्णात बसवलं. तेव्हा करार झाला म्हणजे उपकरण उद्या दवाखान्यात आलं, असं धरू नका. मधली वाट लांबच असते.

कॉम्प्युटरवर का नाही करत हे सगळं?

बरंच करतातही. रुग्णाच्या स्कॅनवरून सिलिकॉनची हुबेहूब धमनी छापतात, रक्ताच्या प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर मांडतात. उपकरण वळणात अडकतं का, प्रवाह किती घटतो, हे तिथेच कळतं, आणि त्यामुळे पुष्कळ ससे वाचले आहेत. पण सिलिकॉनच्या नळीवर अस्तर चढत नाही, तिला सूज येत नाही, तिच्यात गुठळी होऊन ती विरघळत नाही. तेवढ्यासाठी अजून तरी जिवंत धमनीला पर्याय नाही.

सशाला दुखत नाही का?

भुलेत नाही. नंतर दुखतं, म्हणून वेदनाशामक द्यायचं असतंच. ससा ओरडत नाही, कण्हत नाही. कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धवट मिटून बसतो आणि खाणं सोडतो. खाणं थांबलं की त्याचं आतडं थांबतं, आणि ऑपरेशनमधून वाचलेला ससा त्याने मरू शकतो. त्यामुळे संध्याकाळी आमचं पहिलं काम म्हणजे पिंजऱ्याखालच्या लेंड्या मोजणं.

सशाला भूल देणंही सोपं नाही. मास्क लावला की तो श्वासच रोखून धरतो. घाबरून मागचे पाय झाडले तर स्वतःच्या पाठीचा कणा मोडून घेतो. लाळ कमी करायला माणसाला देतात ते अ‍ॅट्रोपिन अनेक सशांवर चालतच नाही, त्यांच्या रक्तात ते फोडून टाकणारं एन्झाइम असतं. धोतऱ्यात जे विष आहे त्याच जातीचं हे औषध, आणि ससा ते पचवतो.

काही वाटत कसं नाही, असं विचारणाऱ्यांना : वाटतं. आमच्याकडे मदतनीस मावशी होत्या, त्या सशांना नावं ठेवत नसत, नंबरानेच बोलत. पण शेवटच्या दिवशी सकाळी प्रत्येकाला मूठभर कोथिंबीर घालत. ती खरेदी कुठल्याच हिशेबात नव्हती.

माझ्या आईला फुगा आहे. नव्या उपचारासाठी थांबू का?

सशांच्या बातमीच्या भरवशावर थांबू नका. फुटलेला असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही. न फुटलेला असेल तर त्याचा आकार, जागा, आईचं वय, रक्तदाब, घरात आणखी कुणाला आहे का, हे बघून न्यूरोसर्जन किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (धमनीतून नळी नेऊन उपचार करणारे डॉक्टर) सांगतील. कधी कधी ‘काही करू नका, वर्षाने पुन्हा स्कॅन करा’ हाच योग्य सल्ला असतो. कुणी ‘चाचणीत सामील व्हा’ म्हणालं तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे का ते बघा, नोंदणी क्रमांक मागून घ्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा : माणसांत आतापर्यंत किती जणांना बसवलंय, आणि किती काळ होऊन गेला? उत्तरात ससेच आले तर घरी येऊन शांतपणे विचार करा, आणि तोवर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.